थंडी ओसरली, आता जास्वंदीवर कात्री चालवा

जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर. हे एकदा पक्कं बसलं की तिची निम्मी दुखणी कळतात. गेल्या वर्षीच्या राकट, करड्या फांदीला कितीही खत घाला, कळी धरणार ती शेंड्याकडच्या कोवळ्या पानांच्या बेचक्यातच. म्हणून रात्री उबदार व्हायला लागल्या की पहिलं काम छाटणीचं. रात्रीचं तापमान अजून १० अंशांच्या आसपास घुटमळत असेल, तर मात्र थांबा.

आधी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढा. मग उरलेली प्रत्येक फांदी साधारण एक तृतीयांशाने आखूड करा. काप घ्यायचा तो बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका. डोळा जिकडे बघतो तिकडे फूट जाते, त्यामुळे झुडपाचा मध्य मोकळा राहतो आणि आत हवा खेळते. डोळ्याला अगदी खेटून कापलं तर डोळाच वाळतो. लांब खुंट ठेवला तर तो वरून खाली वाळत येतो. कात्री धारदार हवी, चेंगरलेली साल लवकर भरून येत नाही.

छाटल्यावर दोन-तीन महिने फुलांचा दुष्काळ असतो, दुहेरी पाकळ्यांच्या जातींना त्याहून जास्त. ज्यांना रोज फूल लागतं त्यांनी निम्म्या फांद्या आत्ता आणि निम्म्या महिन्याभराने छाटाव्यात.

खताच्या बाबतीत एक गैरसमज हटत नाही. ‘फुलांचं खत’ म्हणून भरपूर स्फुरद (फॉस्फरस) असलेलं मिश्रण घातलं जातं. जास्वंदीला स्फुरद फार लागत नाही. मातीत साठलं की ते लोहाच्या शोषणात अडथळा आणतं. तिला हवं नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश), तेही थोडं थोडं आणि वारंवार. छाटणीनंतर आळ्यात चांगलं कुजलेलं शेणखत घाला, खोडाला टेकू न देता. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. बहुधा माती किंवा पाणी अल्कधर्मी असतं, तेव्हा चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह द्या. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर आधी नत्र आणि पाणी तपासा.

कोवळी फूट आली की पिठ्या ढेकूण येणारच, असं धरून चाला. शेंड्याची पानं चुरगळून मुठीसारखी गोळा झाली असतील तर ती उलगडून बघा: आत कापसासारखा पांढरा थर आणि खोडावरून वर चढणाऱ्या मुंग्यांची रांग दिसेल. मुंग्या या ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि ढेकणांच्या शत्रूकीटकांना हुसकावतात, तेव्हा मुंग्यांचाही बंदोबस्त करा. असा शेंडा कापून पिशवीत बंद करून टाका, खतखड्ड्यात नको. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनही. आठवड्याने पुन्हा फवारा, कारण अंडी मेणचट आवरणात वाचतात.

कळ्या उमलण्याआधीच गळत असतील तर औषधाआधी मातीत बोट घाला. एक दिवस कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी चिखल, हे तिला सहन होत नाही. आच्छादन करा. कुंडी असेल तर खालचं भोक बुजलंय का तेही बघा. आणि रोज पाच-सहा तास ऊन हवंच.

छाटलेलं सगळं फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, ना कोवळ्या ना निबर अशा १०-१५ सेंटिमीटरच्या काड्या घ्या. पेराच्या लगेच खाली कापा, वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून. ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवा. दोन आठवड्यांत पालवी दिसली की लगेच उपटून दुसरीकडे लावायचा मोह होतो. ती पालवी काडीतल्या साठ्यावर आलेली असते. मुळं धरायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर हात लावू नका.