डोळस मदतीशिवाय विंडोज टाकताना

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून विंडोज टाकण्यासाठी पेनड्राइव्ह घेताना सोबत एक साधा यूएसबी हेडफोनही घ्या. विंडोज नव्याने टाकताना लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरचा ड्रायव्हर बरेचदा हजर नसतो. यूएसबी हेडफोनमधून मात्र आवाज येण्याची शक्यता जास्त. आवाज नसेल तर आपल्या अंधांसाठी सगळंच अडलं.

बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा संगणकाचा मूळ मेनू, बोलत नाही. म्हणून जुनी विंडोज सुरू असतानाच शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट निवडा. पुढच्या मेनूत ‘यूज अ डिव्हाइस’ मधून पेनड्राइव्ह निवडता येतो. तिथे आणि सेटअपच्या पहिल्या पडद्यावरही विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की नॅरेटर, म्हणजे विंडोजमधलाच पडदा वाचणारा प्रोग्राम, बोलू लागतो. घाई करू नका, मिनिटभर थांबून पुन्हा दाबा. एनव्हीडीए हा वेगळा टाकावा लागणारा स्क्रीन रीडर इथे चालत नाही, ते नंतर टाका.

खरी भीती चुकीची डिस्क निवडून ती पुसली जाण्याची. बाहेरची हार्डडिस्क आधीच काढून ठेवा आणि प्रत्येक पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागाचा, आकार ब्रेलमध्ये किंवा फोनवर नोंदवा. नाव चुकीचं ऐकू येऊ शकतं, आकडा जुळवून बघता येतो. जुळला नाही तर पुढे जाऊच नका.

विंडोजऐवजी डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकणाऱ्यांनी बूट मेनूची बीप ऐकून ‘एस’ आणि एंटर दाबावं, इन्स्टॉलर बोलू लागतो.