जीभ झोंबते? आधी उजेडात नीट बघा

आईला साधं वरणसुद्धा झोंबायचं. बॅटरी मारून पाहिलं तर जीभ गुळगुळीत, लालबुंद. वरचे बारीक दाणेच गेलेले. असं दिसलं तर बी१२, लोह किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी असू शकतं. शाकाहारी मंडळींनी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी बी१२ जरूर तपासावं, तेही इंजेक्शन घेण्याआधी. नंतर आकडा फसवा येतो.

पुसला जाणारा पांढरा थर असेल तर बहुधा बुरशी. रात्री कवळी काढून ठेवा, दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरा, साखर तपासा. तुटक्या दाताची धार लागतेय का, तेही बघा.

रिपोर्ट नॉर्मल येऊनही जळजळ राहू शकते, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांत. त्या जळजळीला ‘मनाचे खेळ’ म्हणू नका.

एकाच जागचा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर मलम लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर मुळीच थांबू नये.