काळ्या मातीवर लाकडी शेड बांधताना या चुका टाळा

शेड बांधायचं ठरलं की घरात आधी चर्चा होते ती पत्र्याच्या रंगाची. आमच्याकडेही तेच झालं. नाशिकमध्ये मखमलाबादच्या बाजूला घरामागे सहा बाय आठ फुटांचं शेड उभं केलं, चार खांब थेट जमिनीत गाडले, वर हौसेने निळा पत्रा. दुसऱ्या पावसाळ्यात दार अडकू लागलं. तिसऱ्यात एका खांबाच्या बुडात पेचकस घातला, तर पिकल्या पेरूत जावा तसा आत गेला.

दोष मातीचा नव्हता, माझा होता. काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात आकसून भेगाळते. वरचं बांधकाम तिच्याबरोबर हलतं. दीड-दोन फूट काळी काढून मुरूम भरा, पाणी मारत थराथराने धुम्मस करा आणि त्यावर वीतभर उंच काँक्रीटचे ठोकळे घ्या. लाकूड मातीला टेकता कामा नये. खांब काँक्रीटमध्येच गाडला की काम पक्कं, असं बरेच जण सांगतात. पण लाकूड आकसलं की फटीतून पाणी उतरतं आणि तिथेच साचून राहतं. ठोकळ्यात लोखंडी पट्ट्या बसवून खांब बोल्टने आवळा, बुडाखाली बोटभर जागा सोडा. ही जागा वाळवी ओळखायलाही उपयोगी: तिला मातीची नळी उघड्यावर बांधावी लागते, म्हणजे ती आपल्याला दिसते.

दुसरी चूक लाकडाची. अंबड-सातपूरच्या भंगारात पॅकिंगचं पाइन स्वस्त मिळतं, त्यावर ‘एचटी’ शिक्का असतो. त्याला वाळवी लागत नाही, असं विकणारा छातीठोक सांगतो. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवून आतली कीड मारली आहे. पुढे येणाऱ्या वाळवीला कोण अडवणार? ‘एमबी’ शिक्क्याच्या फळ्यांवर विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते, त्या घेऊच नका. पाइन भिंतींना चालेल, खांबांना सागवानच. कापलेल्या टोकांना रंगाचे दोन हात जास्त द्या, पाणी सर्वांत आधी तिथूनच शिरतं.

चौकट काटकोनात आहे का, हे सुताराच्या नजरेवर सोडू नका. सहा बाय आठला कर्ण बरोबर दहा फूट आला पाहिजे, दोन्हीकडून.

पाऊस इथे पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा दार पूर्वेला. पत्रा भिंतीबाहेर फूटभर काढा, रबरी वायसर लावून स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा. आणि द्राक्षवाल्यांनो, फवारणीच्या मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) पोती पत्र्याला टेकवू नका. ओल लागली की ते लोखंडही खातं आणि जस्ताचा मुलामाही. झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये ठेवा.

जुलैत दार अडकलं, तर लगेच रंधा हातात घेऊ नका. आधी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर दार नुसतं फुगलंय. आत्ता तासलंत तर उन्हाळ्यात त्या फटीतून उंदीर येतील. कर्णांत फरक निघाला तर दाराला हात लावू नका, कुठला ठोकळा खचलाय ते पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी बघून तपासा. आमचा ईशान्येचा खांब खचला होता, बरोबर मोरीचं पाणी जातं तिथला.