बॅकपॅक पाठीवर, मुक्काम नातलगांकडे: निघण्याआधी काय काय करायचं

परदेशात नातलग-मित्रांकडे उतरत फिरायचं असेल तर रूट नंतर ठरवा, आधी माणसं ठरवा. आपण बॅकपॅकिंगवाले चार दिवस इकडचे तिकडे सहज करतो, पण ज्यांच्याकडे जायचंय त्यांची रजा, मुलांच्या परीक्षा, नाइट शिफ्ट यातलं काही हलत नाही, त्यामुळे महिना-दीड महिना आधी प्रत्येकाला दोन तारखा कळवा, एक पक्की आणि एक अडीअडचणीची, आणि मग मधल्या मोकळ्या दिवसांत काय डोंगर चढायचे ते चढा. "येतेय हं तुमच्याकडे" एवढ्यावर सोडू नका. कधी पोचणार, किती रात्री राहणार आणि कधी निघणार हे तिन्ही लिहून पाठवायचं. निघायची तारीख आपण संकोचाने सांगत नाही, समोरचाही संकोचाने विचारत नाही, आणि मग पाचव्या दिवशी सगळेच जरा गप्प गप्प. मी आता सरळ तीन रात्री सांगते, त्यांनी आग्रह केला तर एक वाढवते.

येण्याची तारीख कळवताना त्यांच्याकडे पोचायची कळवा, आपलं विमान सुटायची नाही. मी एकदा "12 ला रात्रीची फ्लाइट आहे" असं लिहिलं आणि मावसबहीण 12 ला रात्री एअरपोर्टवर येऊन उभी. "कुठल्या गेटने बाहेर येतेस?" हा तिचा मेसेज आला तेव्हा मी दुसऱ्या खंडात सिक्युरिटीच्या लाइनीत, एक बूट पायात एक ट्रेमध्ये. ऑकलंडहून लॉस एंजेलिसला जाताना तर संध्याकाळी निघून त्याच तारखेच्या दुपारी उतरता येतं, आता हे कोणाला तोंडी समजवणार, त्यापेक्षा तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवा. मार्चमध्ये कॉल ठरवताना पण बघा, अमेरिकेत घड्याळ दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि युरोपात शेवटच्या रविवारी, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे नेहमीचा हिशोब तासाने चुकतो.

आता व्हिसा. हे नीट वाचा कारण इथेच लोक फसतात. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, हे बहुतेकांना माहीत असतं, पण आत शिरलेला दिवस आणि बाहेर पडलेला दिवस दोन्ही धरले जातात आणि 180 ची खिडकी रोज पुढे सरकते, म्हणजे रोज मागचे 180 दिवस नव्याने मोजायचे. जर्मनीतल्या मित्राकडे राहून मध्येच आठवडाभर ब्रिटन किंवा आयर्लंडमधल्या काकांकडे जाऊन परत यायचं असेल तर ते शेंगेनच्या बाहेर पडणं झालं, सिंगल एंट्री व्हिसावर परत आत येता येणार नाही, मल्टिपलच घ्या. पासपोर्ट शेंगेनमधून निघायच्या तारखेनंतर निदान 3 महिने चालणारा आणि 10 वर्षांच्या आत काढलेला लागतो, शेंगेनबाहेरचे काही देश तर 6 महिने मागतात, तेव्हा मी सरळ 6 धरूनच चालते. आणि हॉटेल बुकिंग नाही, घरी उतरणार म्हटलं की यजमानाकडून कागद लागू शकतो, फ्रान्समध्ये तर तो त्यांना स्वतःच्या नगरपालिकेत अर्ज करून काढावा लागतो, म्हणून हे आयत्या वेळी सांगू नका. इमिग्रेशनला पूर्ण पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. "माझ्या मैत्रिणीकडे" हा पत्ता होत नाही, आणि फोन नेमका तेव्हाच बंद पडतो.

बॅग. 40 लिटरच्या वर जाऊ नका, कपडे त्यांच्याकडे धुता येतात. पॉवर बँक केबिनमध्येच, 100 वॉट-अवरपर्यंत विचारावं लागत नाही, म्हणजे साधारण 27,000 एमएएच. एक जोड घरात बसण्यासारखा स्वच्छ कपड्यांचा ठेवा, तो ट्रेकला अजिबात काढायचा नाही.

होस्टेलमधून थेट कोणाच्या घरी जात असाल तर ढेकणांचं बघाच. लाज वाटते पण सांगायला हवं. मी बॅग दाराबाहेरच उघडते, कपडे सरळ मशीनमध्ये 60 डिग्रीला नाहीतर ड्रायरमध्ये फुल हीटवर अर्धा तास, आणि रिकामी बॅग त्यांच्या पलंगावर कधीच ठेवत नाही. पहिल्यांदा मित्राची बायको हसली, मग कारण सांगितल्यावर तिनेच मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणून दिली.

भेटवस्तू हा खरा डोक्याला ताप, कारण दोन महिने पाठीवर वाहायच्या असतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला बिया, लाकडाच्या वस्तू, खाण्याचं काहीही असेल तर देशात शिरताना भरायच्या फॉर्मवर लिहाच, मातीने भरलेले ट्रेकिंगचे बूटसुद्धा, न्यूझीलंडमध्ये नाही सांगितलं आणि सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड. मी यावर उपाय काढलाय, मागच्या भेटीचे फोटो प्रिंट करून नेते. एका पाकिटात मावतात, वजन नाही, कस्टम्सचा प्रश्न नाही. मागच्या वेळी मित्राच्या मुलाचा सहा वर्षांपूर्वीचा फोटो नेला होता, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा असलेला, तर तो लगेच जाऊन त्याच दाराला टेकला आणि फोटोत त्याचं डोकं कडीच्या खाली होतं ते आता किती वर गेलंय हे बोटांनी मोजत बसला.

इन्शुरन्स घ्या, घरी राहणार म्हणून टाळू नका. औषधांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट ठेवा, ब्रँडची नावं तिकडे चालत नाहीत.

आणि निघताना चादरी काढून ठेवा, किल्ली परत द्या. माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात मागच्या ट्रिपची एक किल्ली अजून आहे, काकांच्या घराची. यावेळी घेऊन जायचीय, कुलूप बदललं नसेल तर.