सर्चमधल्या जाहिरातींतून फसवणूक: या चुका टाळा

कस्टमर केअरचा नंबर हवा असतो, घाई असते, आणि बोट आपोआप सगळ्यात वरच्या निकालावर जातं. पहिली चूक हीच. ‘प्रायोजित’ असं लिहिलेली ती जागा लिलावातून मिळते. जाहिराती तपासल्या जातात हे खरं, पण तपासणाऱ्याला साधं पान दाखवायचं आणि तुम्हाला वेगळंच, ही ठगांची जुनी युक्ती आहे.

दुसरी चूक सावध माणसंही करतात, म्हणून तिची मला जास्त काळजी वाटते: जाहिरातीतला पत्ता वाचून निर्धास्त होणं. २०२२ मध्ये गिम्प या मोफत चित्रसंपादन सॉफ्टवेअरच्या नावाने आलेल्या जाहिरातीत पत्ता अगदी खरा दिसत होता. क्लिक केलं की उघडायची नकली साइट. २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड मॅनेजरच्या, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नावाने आलेल्या जाहिरातीतून उघडणाऱ्या नकली साइटच्या पत्त्यात ‘के’ या इंग्रजी अक्षराखाली बारीकसं चिन्ह होतं, स्क्रीनवरची धूळ वाटावी इतकं. २०२५ मध्ये तर जाहिरात खऱ्याच साइटवर न्यायची, पण लिंकमध्ये पेरलेला ठगांचा फोन नंबर तिथल्या शोधपट्टीत दिसायचा. साइट खरी, नंबर खोटा! अशा वेळी डोळ्यांवर विसंबून कसं चालेल?

म्हणून नंबर सर्चमध्ये शोधूच नका. कार्डाच्या मागे, बिलावर किंवा अधिकृत ॲपमध्ये तो असतो. नेहमीच्या साइट बुकमार्क करून ठेवा. पासवर्ड मॅनेजरने पासवर्ड आपणहून भरला नाही, तर हाताने टाइप करण्याआधी पत्ता तपासा. पत्ता ओळखताना डोळा चुकतो, मॅनेजर सहसा चुकत नाही. जाहिराती अडवणारा ॲड ब्लॉकरही वापरा. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने डिसेंबर २०२२ मध्ये हाच सल्ला दिला होता.

क्लिक होऊन गेलं असेल तर? नुसतं पान उघडलं असेल तर टॅब बंद करा. ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे’ असा इशारा स्क्रीनभर आला, तर त्यातल्या नंबरवर फोन करू नका. चालू प्रोग्राम बंद करता येणाऱ्या टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तिथून उतरवलेली फाइल चालवली असेल तर आधी इंटरनेट तोडा आणि दुसऱ्या डिव्हाइसवरून पासवर्ड बदला. त्याबरोबर सगळीकडून लॉगआउटही करा, कारण असे व्हायरस चालू लॉगिनच चोरतात. कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखं ॲप घेऊन स्क्रीनचा ताबा दिला असेल, तर नेट बंद करून लगेच बँकेला फोन करा. लाज वाटून थांबू नका, इथे मिनिटं मोलाची असतात.