गावाकडून पुण्यात शिकायला येताय? पहिलं वर्ष असं लावून घ्या

बारावीनंतर मी अंबाजोगाईहून पुण्यात बीएस्सीला आले, तेव्हा सोबत एक ट्रंक, आईने दिलेला लाडवांचा डबा आणि तालुक्यात वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेल्या मुलीचा तोरा होता. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात खिडकीसमोर वीस मिनिटं रांगेत उभी राहिले. आतल्या बाईंनी "काय पाहिजे?" म्हटल्यावर मला धड सांगताच येईना. "काही नाही मॅडम" म्हणून परत फिरले. त्या वर्षी पैशांचं आणि मार्कांचं माझं जे नुकसान झालं, ते बहुतेक अशा परत फिरण्यामुळेच. म्हणून काय, कुणाला आणि कधी विचारायचं ते इथे क्रमाने लिहिते.

१. जागा ठरवताना

आधी वसतिगृहांची चौकशी करा, मग खोली बघा. कॉलेजचं हॉस्टेल, समाजकल्याणची शासकीय वसतिगृहं आणि १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींची सोय करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती, या तिन्हींचे अर्ज वेगवेगळे भरावे लागतात. कॉलेजची ॲडमिशन पक्की होईपर्यंत थांबलात, तर यातली एखादी मुदत हमखास निघून जाते.

तिथे नंबर लागला नाही तर "कॉट बेसिस" आहेच, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं. खोली दाखवणारा माणूस खिडकी आणि कपाट दाखवतो. तुम्ही पाणी किती वाजता येतं, गेट कधी बंद होतं, लाइट बिल वेगळं आहे का आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे विचारा. डिपॉझिटची पावती घ्या आणि पहिल्याच दिवशी भिंतींचे फोटो काढून ठेवा. माझं दोन महिन्यांचं डिपॉझिट "रंगकाम" या एका शब्दात गेलं. ओल माझ्या आधीपासूनच होती, पण दाखवणार काय?

मेस लावण्याआधी चार दिवस रोखीने जेवून बघा. सोमवारची भाजी सगळीकडेच बरी असते, गुरुवारची बघा. खाडे कापून मिळतात का आणि किती दिवस सलग गेल्यावर, हे महिन्याचे पैसे देण्याआधी विचारायचं. शिवाय रविवारी दुपारी फीस्ट (गोडाधोडाचं खास जेवण) आणि संध्याकाळी मेस बंद, ही पुण्याची जुनी रीत आहे. रविवारी रात्री घरची आठवण सर्वांत जास्त येते, त्याला हेही एक कारण असावं. त्या रात्री कुणासोबत, काय खायचं हे दुपारीच ठरवून ठेवा.

२. कागद

निघण्याआधीच तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून जात वैधता काढून घ्या. पुण्यात बसून गावाकडचा दाखला काढायचा म्हणजे वडिलांच्या चार चकरा. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेज जमा करून घेतं, त्याच्या पाच-सहा झेरॉक्स आधी काढा. सगळ्याचं स्कॅन फोनमध्ये असू द्या.

मग महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मागासवर्गीयांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता हे सगळे अर्ज याच पोर्टलवर भरायचे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळू शकतात. त्याची चौकशी समाजकल्याणच्या कार्यालयात करा.

बरेच जण फॉर्म सबमिट झाला की निश्चिंत होतात. अर्ज तिथून कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथे पडून राहू शकतो किंवा त्रुटी काढून परत येतो. परत आला तर तो आपणच दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असतो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघा आणि ती अडली असेल तर अर्जाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून ऑफिसात जा. "माझ्या स्कॉलरशिपचं काय झालं?" याला उत्तर मिळत नाही. "हा अर्ज तुमच्या लॉगिनला पेंडिंग दिसतोय, काही कागद कमी आहे का?" याला मिळतं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. कुठलं खातं जोडलंय ते बँकेत आधीच तपासा, नाहीतर तुम्ही इथे वाट बघताय आणि पैसे गावच्या जुन्या खात्यात, असं होतं.

३. नवं वेळापत्रक, नवी भाषा

राज्यातल्या संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली आहे. त्यामुळे मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) असे शब्द पहिल्याच आठवड्यात अंगावर येतात. विषयाचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात, त्याचा हिशेब तसा साधा आहे. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास. ओपन इलेक्टिव्ह मैत्रिणीने घेतलं म्हणून घेऊ नका, त्याचा तास तुमच्या प्रॅक्टिकलवर येत नाही ना ते बघा. एबीसी आयडी काढायला सांगतील, तो क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा. पुण्यात एबीसी म्हणजे अप्पा बळवंत चौकही. तिथे जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीच्या आसपास मिळतात आणि वर्ष संपल्यावर परतही घेतात. दोन्ही एबीसी लागतील.

वर्गशिक्षकांना तीन गोष्टी विचारा: अंतर्गत परीक्षेत आणि लेखीत वेगवेगळं पास व्हावं लागतं का, हजेरी किती लागते (साधारण ७५ टक्के धरून चाला) आणि बुडालेली इंटर्नल पुन्हा देता येते का. पहिल्या सत्रातल्या केट्या, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेले विषय, अभ्यास न समजल्यामुळे लागत असतील त्याहून जास्त सबमिशन राहिल्यामुळे लागतात, असं माझं मत झालंय.

४. प्रॅक्टिकल

यावर जरा जास्त लिहिते, कारण गावाकडच्या मुलांना इथेच सर्वांत मोठा धक्का बसतो. बारावीला आमचं प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल उतरवून काढणं. सर इंग्रजी पुस्तक वाचत आणि मराठीत समजावत, ब्युरेट (खाली कॉक म्हणजे तोटी असलेली मापाची काचनळी) कपाटात असे. पुण्यात पहिल्याच आठवड्यात टायट्रेशन आलं, म्हणजे रंग जेमतेम बदलेपर्यंत एका द्रावणात दुसरं मोजून सोडायचं. मी ब्युरेट भरली, वर फनेल तसंच ठेवलं आणि कॉक सोडला. फ्लास्कमधलं द्रावण एका दमात गडद गुलाबी. शेजारच्या मुलीचं फिक्कं, जेमतेम गुलाबी. मी तिचं रीडिंग उतरवायला वहीकडे वाकले, एवढ्यात लॅबमधले मदतनीस मामा आले.

"पहिल्यांदाच करताय ना?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी आधी फनेल काढलं, कारण त्यातला थेंब नंतर ब्युरेटमध्ये पडून रीडिंग बदलतो. मग कॉकखालच्या नळीतला बुडबुडा घालवला. डाव्या हाताने कॉक धरायचा, उजव्या हाताने फ्लास्क गोल फिरवत राहायचं आणि रंग रेंगाळायला लागला की थेंबाथेंबाने सोडायचं. रीडिंग घेताना डोळा द्रावणाच्या पातळीवर आणून त्याच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड बघायची. पाच मिनिटांचं काम. ते मला दोन वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं, आणि मीही कधी "दाखवा" म्हटलं नव्हतं.

तेव्हा पहिल्या दोन प्रॅक्टिकलमध्येच सांगून टाका की हे मी आधी हाताने केलेलं नाही. लॅबमधल्या मामांना, काकांना सांगितलं तरी चालतं. ते वीस-वीस वर्षं हेच बघत आलेले असतात आणि चिडत नाहीत. जर्नल मात्र त्याच आठवड्यात तपासून घ्या. शेवटच्या आठवड्यात सही घेणाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत येते.

लेक्चर कळत नसेल तर वहीच्या शेवटी दोन रकाने करा. डावीकडे मोमेंटम, उजवीकडे संवेग. डावीकडे ऑस्मॉसिस, उजवीकडे परासरण. अर्ध्याहून जास्त गोष्टी आपण दहावीला मराठीत शिकलेल्याच निघतात. शंका भर वर्गात विचारायची हिंमत नसेल तर तास संपल्यावर दारात गाठा, पण वही उघडी ठेवून आणि अडलेल्या ओळीवर बोट ठेवून.

५. माणसं आणि पैसे

एका तरी ठिकाणी नाव घाला. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना) दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं. शिबिरात भाकरी थापताना जेवढी ओळख होते, तेवढी कँटीनमध्ये वर्षभरात होत नाही. नाटकाचं वेड असेल तर पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमींना जा. अभिनय येत नसला तरी खिळे ठोकायला माणूस लागतोच.

हातखर्चासाठी "कमवा आणि शिका" योजना कॉलेजात आहे का ते विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ही योजना आहे. ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत दिवसाचे काही तास काम करायचं. मला ग्रंथालय मिळालं, आणि क्रमिक पुस्तकं कुठल्या फळीवर असतात हे सगळ्यांआधी कळलं.

कुणी रॅगिंग केलं तर "सीनियर आहेत, चालायचंच" म्हणू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

६. परीक्षा

परीक्षेच्या फॉर्मवर नाव बारावीच्या मार्कशीटप्रमाणेच आहे ना, विषय सगळे आलेत ना, हे भरतानाच बघा. नंतर दुरुस्तीला खिडकी, अर्ज, सही आणि पुन्हा खिडकी.

निकाल धक्कादायक लागला तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, मग फेरतपासणीचं ठरवा. मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच शेवटची तारीख विचारा. मला गणितात केटी लागली तेव्हा मी तावातावाने प्रत मागवली. बघते तर दोन उत्तरांना प्रश्न क्रमांकच घातलेले नव्हते, आणि तिसऱ्यात अधिकचं वजा केलेलं होतं. फेरतपासणीचा फॉर्म तसाच घडी करून ठेवला आणि ती प्रत घेऊन गणिताच्या सरांना दारात गाठलं.