एडिसनला नवीन आलात? इटालियन जेवायचं असेल तर

न्यू जर्सीतल्या एडिसन, इझलिन, मेटचन, साउथ प्लेनफिल्ड या पट्ट्यात घर घेतलं की पहिल्याच आठवड्यात ओक ट्री रोड सापडतो. डोसा, चाट, थाळी, दुकानात चितळ्यांची बाकरवडीसुद्धा. मग काही महिने माणूस त्या रस्त्याबाहेर जेवतच नाही. पुढे कधीतरी ऑफिसमधले लोक विचारतात, ‘जेवायला कुठे जाऊ या?’ किंवा भारतातून आई-बाबा येतात आणि चौथ्या दिवशी म्हणतात, ‘इथे येऊनही रोज आपलंच काय खायचं?’ अशा वेळी माझं उत्तर ठरलेलं असतं: इटालियन. मेक्सिकन, थाई, चायनीज सगळं इथे आहे, पण न्यू जर्सीला आपलं म्हणावं असं जेवण एकच आहे.

1880 ते 1924 या काळात दक्षिण इटलीतून, म्हणजे नापोली, कलाब्रिया, सिसिली या भागांतून, लाखो गरीब माणसं अमेरिकेत आली. 1924 च्या कायद्याने ती वाट जवळजवळ बंद झाली. आपल्या राज्यात ही मंडळी नेवार्कच्या फर्स्ट वॉर्डात, होबोकनमध्ये, ट्रेंटनच्या चेंबर्सबर्गमध्ये राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलं-नातवंडं उपनगरांत गेली आणि हॉटेलं त्यांच्या मागोमाग गेली. त्यामुळे चांगलं इटालियन खायला मेट्रोपार्क स्टेशनहून ट्रेन पकडून मॅनहॅटन गाठायची गरज नाही. ते घराजवळच असतं, फक्त दिसत नाही.

दिसत नाही, कारण ते स्ट्रिप मॉलमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या एका ओळीतल्या दुकानांत, असतं. एका बाजूला ड्राय क्लीनर, दुसऱ्या बाजूला नेल सलून आणि मध्ये लाल-हिरवी पाटी. आत शिरल्यावर पिझ्झाचं काउंटर, खोक्यांची चळत, फोनवर ऑर्डर घेणारा पोरगा. बाजूच्या कमानीतून आत गेलं की मागे टेबलक्लॉथ घातलेली जेवणाची खोली. स्वयंपाकघर दोन्हींचं एकच. नवीन माणूस पुढूनच दोन स्लाइस घेऊन परततो आणि मागची खोली त्याला वर्षभर कळत नाही. ऑलिव्ह गार्डन या इटालियन हॉटेलांच्या साखळीत जायला माझी काही हरकत नाही. मुलं खूश होतात, ब्रेडस्टिक हव्या तेवढ्या मिळतात. पण ते देशभर सगळीकडे मिळतं. इथे राहून तेवढ्यावरच थांबू नका.

शोधायचं कसं? ऑनलाइन रेटिंग मी बघते, पण आकडा नाही, तक्रारी वाचते. ‘फार साधं, मसाला नाही’ असं कुणी आपल्यापैकी लिहिलं असेल तर सोडून द्या. ‘पास्ता लगदा झाला होता’ असं दोन-तीन जणांनी लिहिलं असेल तर तिथे जाऊ नका. त्याहून खात्रीची खूण म्हणजे रविवारी दुपारची वेळ. इथली जुनी इटालियन कुटुंबं रविवारचं मोठं जेवण तेव्हा घेतात. त्या वेळी एखाद्या ठिकाणी आजी-आजोबांसकट दहा-बारा माणसांचं टेबल भरलेलं दिसलं, तर नाव लिहून ठेवा. मंगळवारी रात्री तिथे गर्दी असेल तर आणखी चांगलं. मालकाचं आडनाव मात्र बघू नका. या भागातली कित्येक पिझ्झेरिया अल्बेनियन लोक चालवतात, स्वयंपाकघरात मेक्सिको-इक्वाडोरची मंडळी राबतात आणि सॉस उत्तम असतो.

पहिल्यांदा गेलात की साधंच मागवा. खानावळीची परीक्षा जशी वरणावर होते तशी इथली मरिनारावर. टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह ऑइल, बेझिल, बस्स. लपवायला जागाच नसते. तो सॉस साखरेने गोड झालेला असेल किंवा नुसता आंबट लागत असेल, तर मेन्यूवरच्या तीस डॉलरच्या पदार्थाकडे वळूच नका. ब्रेडही बघा. बाहेरून कडक, आतून ओलसर, आणि संपला की न मागता पुन्हा आणून देतात ते हॉटेल चांगलं. कापरेझे, म्हणजे टोमॅटो आणि ताज्या मोझरेल्याचे काप, फक्त जुलै ते सप्टेंबरमध्ये मागवा. तेव्हा जर्सीचे टोमॅटो असतात. जानेवारीत त्याच पैशांत फिकट, रबरासारखे काप मिळतात.

‘पण हे अस्सल इटालियन आहे का?’ असं विचारणारे आपल्यात बरेच निघतात, विशेषतः रोम-फ्लॉरेन्सची सहल करून आलेले. नाही, आणि ते तसं असायलाही नको. गावाकडे सणासुदीलाच मांस मिळणाऱ्या लोकांना इथे ते स्वस्त मिळालं, म्हणून स्पगेटीवर मोठाले मीटबॉल आले. वांग्याच्या पार्मिजानाची रीत, म्हणजे तळलेल्या कापांवर टोमॅटो सॉस आणि चीज, चिकनला लावून चिकन पार्म झालं. लसूणही इटलीपेक्षा सढळ हाताने पडतो, आणि त्याबद्दल आपली तक्रार असायचं कारण नाही. बोलणंही वेगळं. जुनी माणसं शेवटचा स्वर खाऊन टाकतात, तेव्हा ‘मुट्झडेल’ ऐकू आलं तर ते मोझरेला आणि ‘पास्ता फझूल’ म्हणजे पास्ता आणि पांढऱ्या घेवड्याचं सूप.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण खरी अडचण त्यांचीच होते. ‘हे व्हेजिटेरियन आहे का?’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही. वेटर प्रामाणिकपणे हो म्हणतो, कारण ताटात मांसाचा तुकडा नसतो. जिन्नसाचं नाव घेऊन विचारा. सूप असेल तर ‘चिकन स्टॉक आहे का?’ मिनेस्ट्रोनी नावाने भाज्यांचं असलं तरी पुष्कळदा चिकनच्या पाण्यात शिजतं. पास्ता फझूलमध्ये पँचेट्टा, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, असू शकतं. रिझोत्तो या मऊ भातालाही बहुधा स्टॉकच असतो. व्होडका सॉसमध्ये काही ठिकाणी प्रोशुट्टोचे, म्हणजे डुकराच्या खारवून सुकवलेल्या मांसाचे, बारीक तुकडे घालतात, म्हणून तिथेही विचारा. शिवाय त्यात व्होडका खरोखरच असते आणि शिजवल्यावर ती पूर्ण उडून जात नाही, हे ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि पुतानेस्का सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे छोटे मासे असतात. मरिनारा नावात समुद्र असला तरी त्यात मासे नसतात, ते निर्धास्त खा. रविवारी मिळणारी ‘ग्रेव्ही’ मात्र मीटबॉल, सॉसेज घालून तासन्‌तास उकळलेली असते. नुसता सॉस दिला तरी तो मांसाचाच.

अंडं न खाणाऱ्यांसाठी थोडं जास्त. सुका पास्ता, म्हणजे पेन्ने, स्पगेटी, रिगाटोनी, साधारणपणे रवा आणि पाण्याचाच असतो. ‘फ्रेश’ किंवा ‘होममेड’ लिहिलेल्या फेत्तुचिनी-राव्हिओलीत बहुतेक वेळा अंडं असतं, न्योक्कीत, म्हणजे बटाट्याच्या छोट्या गोळ्यांतही, असू शकतं. वांग्याचं पार्मिजान आणि रोलाटिनी (चीज भरलेल्या वांग्याच्या गुंडाळ्या) मला फार आवडतात, पण वांग्याचे काप तळण्याआधी फेटलेल्या अंड्यात बुडवतात. तिरामिसूत अंडंही असतं आणि पुष्कळदा दारूही, पन्नाकोट्टात जिलेटिन. गोडाला सॉर्बे मागवा आणि मोकळे व्हा.

चीजचा प्रश्न प्रत्येक घराने आपापला सोडवायचा. खरं पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणासारख्या द्रव्याने, लावावं लागतं, तसा त्यांचा नियमच आहे. मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनो रोमानोला कोकराचं. अमेरिकेत बनणाऱ्या बऱ्याच चीजमध्ये मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं, रेनेट असतं, पण हॉटेलातल्या सर्व्हरला ते माहीत असेलच असं नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी ऑर्डर देतानाच ‘वर किसलेलं चीज नको’ सांगावं, कारण स्वयंपाकघरातूनच भुरभुरून येतं. आणि कांदा-लसूण वर्ज्य असेल, चातुर्मास पाळत असाल, तर खरं सांगते, ते चार महिने ओक ट्री रोडच बरा.

मांसाहारी पण बीफ न खाणाऱ्यांनी मीटबॉल, बोलोनीज (खिम्याचा सॉस) आणि व्हील टाळावं. व्हील म्हणजे वासराचं मांस, नावावरून पटकन कळत नाही. चिकनमध्ये आपल्या जिभेला सर्वांत जवळचं चिकन मर्फी. मिरच्या, कांदा, बटाटा असं त्यात असतं, आणि ‘हॉट चेरी पेपर्स घाला’ म्हटलं की बाबासुद्धा घाम पुसत जेवतात. तिखटासाठी दुसरा शब्द ‘फ्रा दियावोलो’. तो लाल सॉस माशांबरोबर येतो. मालवण-गोव्याकडच्यांनी लिंग्विनी विथ क्लॅम्स चुकवू नये. तिसऱ्यांवर वाढलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज पडत नाही. व्हाइट सॉस म्हटलं तरी त्यात क्रीम नसतं, लसूण, वाइन आणि शिंपल्यांचंच पाणी असतं.

आपल्या सवयीमुळे एक गोंधळ नेहमी होतो. आपण साडेआठला टेबल मागतो आणि उपनगरातली स्वयंपाकघरं नऊ-साडेनऊला आवरायला लागतात. साडेसहा-सातला जा. सोमवारी अनेक घरगुती हॉटेलं बंद असतात, फोन करून निघा. सर्व्हर तोंडाने ‘स्पेशल्स’ सांगतो त्यांच्या किमती तो सांगत नाही. विचारायला लाजू नका, इथे त्यात कमीपणा नाही. सहा किंवा जास्त माणसं असतील तर काही ठिकाणी टिप बिलातच धरलेली असते, म्हणून बिल नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल. एरवी 18 ते 20 टक्के द्यायची. सर्व्हरचा मूळ पगार किमान वेतनापेक्षा बराच कमी असतो आणि त्याचं घर टिपवरच चालतं, म्हणून ‘सेवा आवडली तर’ हा आपला हिशेब इथे लावू नका. विक्रीकर 6.625 टक्के, तो वेगळा.

दरवाजावर ‘बीवायओबी’ लिहिलेलं दिसेल. आपली बाटली आपण आणायची. न्यू जर्सीत दारू विकायचे परवाने गावाच्या लोकसंख्येवर बांधलेले आहेत, साधारण 3,000 माणसांमागे एक, आणि काही गावांत असा परवाना लाखो डॉलरला विकला जातो. छोट्या हॉटेलवाल्याला तो परवडत नाही. म्हणून तुम्ही वाइन किंवा बिअर घेऊन जा, ग्लास ते देतील. बाटली उघडण्याचे वेगळे पैसे लावायला कायद्याने मनाई आहे. व्हिस्की मात्र न्यायची नाही, फक्त वाइन आणि बिअर. माझ्या मते आपल्या भागातलं सर्वांत चांगलं जेवण अशा परवाना नसलेल्या हॉटेलांतच मिळतं, कारण तिथे कमाई बारवर नाही, ताटावर असते.

पिझ्झ्याबद्दल थोडक्यात. ‘पाय’ म्हणजे अख्खा पिझ्झा, ‘प्लेन’ म्हणजे नुसता चीजचा. ‘ग्रँडमा’ पातळ चौकोनी, ‘सिसिलियन’ जाड चौकोनी. काउंटरवर लाल मिरचीचे तुकडे असतात, ते हवे तेवढे घाला, कुणी बघत नाही. शनिवार मोकळा असेल तर रॉबिन्सव्हिलला जाऊन ट्रेंटनची टोमॅटो पाय खा. त्यात चीज खाली आणि टोमॅटो वर असतो. 1912 साली सुरू झालेलं पापाज आणि डी लोरेंझोज, दोन्ही मूळची ट्रेंटनची, आता तिथेच आहेत. जर्सी सिटीचं राझ्झा नावाजलेलं आहे, ऑरेंजचं स्टार टॅव्हर्न पातळ कुरकुरीत पायसाठी. होबोकनला कधी गेलात तर फिओरेज या जुन्या डेलीतून ताजं मोझरेला घ्या आणि त्याच दिवशी खा. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी ते तसं राहत नाही.

एकदा ठिकाण जमलं की तेच धरून ठेवा. दर वेळी नवीन हॉटेल शोधत फिरण्यात अर्थ नाही. चार-पाच वेळा गेलात की ‘त्यांना स्टॉक नको, चीज वेगळं’ हे तुम्ही न सांगता आत कळवलं जातं, आणि शाकाहारी माणसाला याहून मोठी सोय नाही. आई-बाबा आलेले असतील तर त्यांनाही तिथेच न्या. फेब्रुवारी-मार्चपासून ईस्टरपर्यंत लेंट, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ, असतो, तेव्हा कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नाहीत. त्या दिवशीच्या स्पेशल्समध्ये माशांबरोबर भाज्यांचे, डाळी-घेवड्याचे पदार्थ हमखास निघतात. मार्चच्या 19 तारखेला सेंट जोसेफ डे असतो, त्या सुमारास इटालियन बेकरीत झेप्पोले मिळतात, तळलेले किंवा भाजलेले, आत क्रीम भरलेले.

घरी वाढदिवस, डोहाळजेवण, मुलांची पार्टी असली की तिथूनच ट्रे मागवा. पेन्ने, बेक्ड झिटी, भाज्यांचा पास्ता, हाफ ट्रे आठ-दहा जणांना पुरतो. दोन-तीन दिवस आधी सांगा आणि चीज-स्टॉकचं तेव्हाच बोलून घ्या. 24 डिसेंबरच्या संध्याकाळी आणि मे महिन्यातल्या मदर्स डेला मात्र रिझर्वेशनशिवाय घरातून निघू नका, आणि त्या दिवशी साडेआठचं टेबल तर मागूच नका.